सेफ्टी शूज: घेताना आणि घालून बघताना हमखास पडणारे प्रश्न

सेफ्टी शूजची ऑर्डर एक जण देतो, ते वाटतो दुसरा आणि दिवसभर घालून फिरतो तिसरा. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. मुंबईतल्या हार्डवेअर बाजारातून, नागदेवी स्ट्रीटवरून, डझनाच्या हिशेबाने खोकी उचलली जातात, सगळी सात-आठ नंबरची, आणि साइटवर पोचली की ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. मी बरीच वर्षं मुंबईत आधी स्टोअर आणि मग सेफ्टीचं काम पाहिलं. त्या काळात खिडकीशी उभं राहून लोकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे पाय दुखावतात.

माझ्या कामाला नेमका कुठला बूट लागतो?

आधी आपण काम करतो ती जमीन बघा, मग डोक्यावरून किंवा हातातून काय खाली पडू शकतं ते बघा. मस्जिद बंदरच्या किंवा भिवंडीच्या गोदामात पेट्या उतरवणाऱ्या माथाडीच्या पायावर वजन पडतं, हातगाडीचं चाक चढतं. त्याला बोटांवर टोपी, म्हणजे बुटाच्या टोकात बसवलेलं कडक कवच, हवीच. बिल्डिंगच्या साइटवर धोका उलट्या बाजूने, म्हणजे खालून येतो. शटरिंग काढलं की खिळे वर तोंड करून पडलेल्या फळ्या सगळीकडे असतात. माझ्या अनुभवात बांधकामावर टोपीपेक्षा तळात बसवलेल्या, खिळा अडवणाऱ्या पट्टीने जास्त पाय वाचवले. तरी बूट घेताना लोक फक्त पुढचं टोक ठोकून बघतात, तळाबद्दल कोणी विचारत नाही.

हॉटेलच्या किचनमध्ये पोलादी टोपीची गरज क्वचितच पडते. तिथे तेलकट लादीवर न घसरणारा सोल हवा. ओतकाम, वेल्डिंग, वीज आणि माहुल-तुर्भे पट्ट्यातला ज्वलनशील माल ही वेगळी प्रकरणं आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

बुटावरची अक्षरं आणि आकडे कसे वाचायचे?

आपल्याकडचं मानक आयएस १५२९८. त्याचा भाग २ म्हणजे खरे सेफ्टी शूज. त्यांच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसायचा असतो. २०० ज्यूल म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून सोडल्यावर बसणारा मार. भाग ३ मधल्या बुटांची टोपी १०० ज्यूलची, म्हणजे निम्म्या ताकदीची. भाग ४ मध्ये टोपीची अटच नाही. दुकानदार तिघांनाही ‘सेफ्टी’च म्हणतो, तेव्हा भाग कितवा ते स्वतः वाचा.

पुढची अक्षरं अशी: एसबी म्हणजे टोपी असलेला मूळ प्रकार. एस-१ मध्ये बंद टाच, तिथे धक्का शोषणारा सोल आणि अँटिस्टॅटिक (अंगावरचा स्थिर भार उतरवणारा) गुण येतात. एस-१-पी मध्ये त्यावर खिळा अडवणारी पट्टी. एस-२ चं वरचं कातडं काही वेळ पाणी अडवतं. एस-३ मध्ये हे सगळं, शिवाय खोल नक्षीचा सोल. बांधकामावर जाणार असाल तर ‘पी’ किंवा ‘एस-३’ शोधा, बाकीचं नंतर.

आयएसआय शिक्का खरा की खोटा?

खोक्यावरचा शिक्का सोडून द्या, बुटावरचा बघा. तो सहसा जिभेवर किंवा आतल्या बाजूला असतो. त्याच्यासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक लागतो. मोबाइलवर भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कुठल्या मालासाठी आणि चालू आहे की नाही, ते दिसतं. एकदा माझ्या समोर आलेल्या बुटावरचा क्रमांक सिमेंटचा निघाला होता. विक्रेत्याने शांतपणे दुसरं खोकं काढलं.

त्याच जागी बूट बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. ते का वाचायचं, ते सोलच्या प्रश्नात सांगतो.

स्टीलची टोपी घ्यावी की कंपोझिट?

आघाताची परीक्षा दोन्हींना सारखीच. कंपोझिट टोपी ग्लासफायबर किंवा कार्बनसारख्या मालाची असते. ती वजनाने हलकी, पण तेवढीच ताकद आणायला भिंत जाड ठेवावी लागते, म्हणून टोक जरा फुगीर दिसतं. स्टील पातळ आणि स्वस्त. जिथे रोज मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं, जसं अंधेरीच्या सीप्झ या निर्यात वसाहतीतले दागिन्यांचे कारखाने किंवा विमानतळ, तिथे कंपोझिट घेतलेली बरी. नाहीतर दिवसातून चार वेळा बूट काढून ट्रेमध्ये ठेवा. बाकी ठिकाणी स्टीलने काही अडत नाही.

जड वस्तू पडली तर स्टीलची टोपी वाकून बोटंच कापते म्हणतात, खरं का?

ही गोष्ट प्रत्येक साइटवर कोणीतरी सांगतोच, आणि ते नेहमी त्याच्या चुलत्याच्या मित्राबाबत झालेलं असतं. टोपी चेपून बोटांपर्यंत जाण्याइतका भार आला, तर टोपीविना त्या पायाचं काय झालं असतं याचा विचार करा. चाचणीत आघातानंतरही आत ठरावीक उंची शिल्लक राहावी लागते. ४१-४२ मापाच्या बुटात ती किमान १४ मिलिमीटर असते. बोटाला चेपूनही वाचायला तेवढी जागा पुरते.

मात्र एकदा मोठा मार बसला की तो बूट बाद. वरून ठीक दिसला तरी बाद, हेल्मेटसारखाच.

नंबर कसा काढायचा? चपलेचा नंबर सात आहे, मग बूटही सातच ना?

नाही. चपलेत बोटं पुढे आली तरी चालतं, टाच मागे लोंबली तरी चालतं. इथे समोर पोलादाची भिंत आहे.

पाय संध्याकाळी मोजा. सकाळी मोजलेला पाय दिवसभर उभं राहून आलेल्या पायापेक्षा लहान असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर सरळ उभे राहा, बसून नाही, कारण वजन पडलं की तळवा पसरतो. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. ते अंगठ्याचंच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि जो मोठा असेल त्याच्या मापाचा बूट घ्या. चवड्याची रुंदीही कागदावर उतरवून घ्या. गावाकडे अनवाणी वाढलेला पाय बोटांशी फाकलेला असतो. त्याला लांबीचा नंबर बरोबर असूनही करंगळी टोपीच्या कडेला घासते. अशा वेळी लोक एक नंबर मोठा घेतात. मग टाच निसटते आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता भलतीकडे वाकतो. रुंद फर्म्याचा, म्हणजे रुंद साच्यावर बनवलेला बूट मागा. बऱ्याच कंपन्या तो बनवतात, पण न मागता कोणी काढून देत नाही.

आपल्याकडे बहुतेक बुटांवर यूके नंबर असतो, काहींवर युरोपियन. यूकेचा एक नंबर साधारण साडेआठ मिलिमीटरचा, युरोपियन पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. म्हणून ‘एकच नंबर कमी-जास्त’ हे दोन्हीकडे सारखं नसतं. साधारणपणे यूके ७ म्हणजे ४१, तरी घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात घालून बघताना काय तपासू?

साध्या बुटात दुकानदार टोकाशी अंगठा दाबून जागा दाखवतो. इथे त्याचा उपयोग नाही, पोलाद दाबणार कसं? नाडी पूर्ण सैल करा, पाय पुढे सरकवा, बोटं टोपीला टेकली की टाचेमागे एक बोट आत घालून बघा. बोट सहज पण नेमकं जायला हवं. दोन बोटं गेली तर बूट मोठा, एकही जात नसेल तर लहान.

मग टाच मागे घट्ट बसवून नाडी बांधा आणि उकिडवे बसा. चवड्यावर, टाचा उचलून. टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतली तर तो बूट तुमचा नाही. लादी बसवणारे, वायरिंगवाले, प्लंबर यांचा अर्धा दिवस याच अवस्थेत जातो, म्हणून त्यांनी ही परीक्षा चुकवू नये.

शेवटी जिना उतरा. नागदेवीतल्या दुकानांना पोटमाळ्याचा जिना असतोच, मालकाला विचारून दोनदा उतरा. उतरताना बोटं टोपीवर आपटली तर नंबर लहान आहे, किंवा नाडी घोट्याशी नीट आवळलेली नाही. आवळून पुन्हा उतरा. चढताना टाच बाहेर येऊ लागली तर बूट मोठा आहे. आणि हे सगळं कामावर घालता त्याच मोज्यांवर करा. अनवाणी पायात घालून घेतलेला बूट दुसऱ्या दिवशी मोज्यासकट आवळतो.

इथे माझीच एक चूक सांगतो. एकदा स्टोअरमध्ये सहा नंबर संपले होते, आठ ढिगाने पडले होते. एका बिगाऱ्याला मी म्हटलं, ‘घाल रे, पुढे पेपर कोंब.’ त्याने कोंबला. तिसऱ्या दिवशी परातीवर माल घेऊन जिना चढताना बुटाचं रिकामं टोक पायरीच्या कडेत अडकलं आणि तो माल घेऊनच खाली आला. मनगट मोडलं. अहवालात कारण लिहिलं गेलं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. सही माझी होती. त्यानंतर चुकीच्या नंबरचा बूट मी कुणाला दिला नाही, काम एक दिवस थांबलं तरी.

नवा बूट चावतोय. वापरून सैल होईल ना?

कातडं मऊ होईल, पोलाद होणार नाही. घोट्याशी किंवा टाचेला चावत असेल तर आठवडाभर रोज दोन-तीन तास घालून रुळवा, मोजे जाड घाला. बोटांना टोपी लागत असेल तर वर्षभर तशीच लागेल. तो बूट स्वच्छ असतानाच बदलून घ्या.

बायकांसाठी वेगळे सेफ्टी शूज मिळतात का?

मिळतात, पण दुकानात समोर मांडलेले नसतात. साइटवर बाईमाणसांना सहसा पुरुषांचा सर्वांत छोटा नंबर दिला जातो. बाईचा पाय नुसता लहान नसतो. टाच अरुंद असते, पायाची उंची कमी असते. त्यामुळे पुरुषी फर्म्यात टाच आत हलत राहते. ताई-मावश्या मग बूट कोपऱ्यात ठेवून स्लीपरवर घमेली उचलतात आणि मुकादम म्हणतो, ‘दिलेत तरी घालत नाहीत.’ तीन, चार, पाच नंबर बायकांच्या फर्म्यात आधी सांगून मागवावे लागतात. ऑर्डर देणाऱ्याने एवढं करावं.

इलेक्ट्रिशियनने अँटिस्टॅटिक बूट घातला तर शॉक लागणार नाही ना?

हा गैरसमज जीवावर बेतू शकतो, म्हणून नीट वाचा. अँटिस्टॅटिक बूट वीज अडवत नाही, तो अंगावर साठलेला स्थिर भार जमिनीत जाऊ देतो. त्याचा रोध १ लाख ओहम ते १०० कोटी ओहम यांच्या मध्ये राखलेला असतो. जिथे पेट्रोल, थिनर, गॅस आहे तिथे बोटातून उडालेली बारीक ठिणगीही आग लावू शकते, तिच्यासाठी हा बूट. चालू वायरवर काम करणाऱ्याला याच्या उलट, वीज रोखणारा इन्सुलेटिंग बूट लागतो. तो वेगळ्या मानकाचा असतो, त्यावर व्होल्टेजचा वर्ग लिहिलेला असतो. तोही ओला झाला, सोलला चीर गेली किंवा सोलमध्ये तारेचा तुकडा रुतला की भरवशाचा राहत नाही. मेन बंद करणं, कुलूप लावून टॅग अडकवणं, टेस्टरने खात्री करणं हे आधी. बूट शेवटी येतो.

दोन्ही कामं असलेल्या माणसाला दोन जोड लागतात. ‘एकात सगळं’ सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

पावसाळ्यात गमबूट चालतील?

कुठले, त्यावर आहे. रस्त्यावर मिळणारा साधा काळा पीव्हीसी गमबूट पाणी अडवतो, बस. त्यात टोपी नाही, पट्टी नाही. गढूळ पाण्यात खिळा दिसत नाही आणि तो या सोलमधून आरपार जातो. टोपी असलेल्या गमबुटाला एस-४ आणि टोपीसोबत पट्टीही असलेल्याला एस-५ म्हणतात. खोदकाम, नाले, मेट्रोचे खड्डे, तळघरातला पंप यांसाठी एस-५ मागा.

मुंबईत याला आणखी एक कारण आहे, लेप्टो हा पावसाळी आजार. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले जंतू पायाच्या चिरेतून, फुटलेल्या फोडातून शरीरात शिरतात. न बसणाऱ्या बुटाने टाचेला पडलेला फोड जूनमध्ये क्षुल्लक वाटतो, पण जुलैत पाणी तुंबलं की तोच दरवाजा होतो. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. पालिकेच्या दवाखान्यात जा, गोळी मनाने घेऊ नका.

पाणी गमबुटाच्या काठावरून आत आलं की तो बूट म्हणजे पायाला बांधलेली बादली. लगेच उपडा करा, पाय साबणाने धुवा, कोरडे मोजे घाला.

बोटांमध्ये चिखल्या होतात, वास येतो. काय करू?

बूट रात्रभरात वाळत नाही, हे खरं दुखणं. शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा. दोघांचा खर्च मिळून फारसा वाढत नाही, कारण दोन्ही जास्त टिकतात. एकच जोड असेल तर घरी आल्यावर सुकतळा बाहेर काढा, आत वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने कागद बदला आणि पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, कातडं तडकतं आणि सोलचा चिकटा सुटतो. निव्वळ सुती मोजे घाम पिऊन ओलेच राहतात, मिश्र धाग्याचे लवकर सुकतात. बोटांच्या बेचक्या पुसायला विसरू नका. चिखल्या आठवड्यात हटल्या नाहीत तर डॉक्टरला दाखवा.

बाजारातला जाड सुकतळा आत टाकला तर चालेल?

मूळचा काढून त्याच जाडीचा टाकला तर ठीक. मूळच्यावर दुसरा चढवला की पाय वर येतो आणि बोटं टोपीच्या छताला लागतात, म्हणजे त्या १४ मिलिमीटरवर तुम्हीच हात मारला. अँटिस्टॅटिक बुटात तर परका सुकतळा भार जमिनीत जाण्याची वाटच तोडू शकतो. मधुमेह असणाऱ्यांनी पायाच्या डॉक्टरला विचारून मग बूट घ्यावा. त्यांच्या पायाला बोचलेलं कळत नाही, जखम मोजा लाल झाल्यावर दिसते. रोज संध्याकाळी तळवा आरशात बघावा.

नव्याकोऱ्या बुटाचा सोल तुकडे होऊन पडला. नकली होता का?

असेलच असं नाही. बहुतेक सेफ्टी शूजचा सोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून हळूहळू विघटित होतो, न वापरता खोक्यात ठेवला तरी. मुंबईची दमट हवा या विघटनाला फारच मानवते. मी काम करत होतो तिथे एका वर्षी स्वस्तात मिळाले म्हणून खूप जोड भरून ठेवले. चौथ्या पावसाळ्यात खोकी उघडली. दिसायला कोरे, पण दोन दिवसांत सोल चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे गळाले. म्हणून तारीख वाचायची. वर्षभराच्या आतला माल घ्या आणि साठवू नका. गरम जमीन, डांबर, भट्टी असेल तिथे नायट्राइल रबरचा सोल घ्या. एचआरओ अक्षरं असलेला सोल ३०० अंश सेल्सिअसला एक मिनिट टेकवून तपासलेला असतो.

सोल सुटला तर स्टेशनबाहेरच्या गटई कामगाराकडून चिकटवता येईल, पण खिळे ठोकून शिवू देऊ नका. तळातली पट्टी भोकं पाडून घेण्यासाठी नसते.

वेल्डिंगला नाडीचे बूट चालतात का?

नाडीवर, जिभेच्या फटीत ठिणगी बसते आणि आत उतरते. घोट्यावर जाणारा, नाडी झाकलेला बूट घ्या आणि पँट बुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका. ओतकामात तर झटक्यात काढून फेकता येईल असा बिननाडीचा बूट लागतो.

ठेकेदार बुटाचे पैसे पगारातून कापतो. बरोबर आहे का?

नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० प्रमाणे कामाच्या जागी सुरक्षेसाठी दिलेल्या गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. ठेकेदाराशी बोलताना चिठ्ठी किंवा पगाराची स्लिप जपून ठेवा. ऐकलंच नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तक्रार करता येते. एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच जण मिळून गेलेलं बरं.

घरून घालूनच निघू की साइटवर बदलू?

जोड एक किलोच्या वर जातो आणि सकाळच्या लोकलमध्ये तुमच्या टोपीखाली दुसऱ्याची करंगळी येते. साइटवर ठेवायला कुलपाचा खण असेल तर तिथेच बदला. नसेल तर घालूनच जा, पिशवीत नेलेला बूट दुपारपर्यंत पिशवीतच राहतो.

जुने झाले हे कसं ओळखायचं, आणि टाकायचे कुठे?

सोलची नक्षी झिजून सपाट झाली, टोपीचं पोलाद उघडं पडलं, पट्टी पायाला जाणवू लागली किंवा बूट वाकवल्यावर सोलला चीर दिसली, तर संपले. महिने मोजण्यापेक्षा हे बघा. डांबरावर सहा महिन्यांत होतं, स्टोअरमध्ये दोन वर्षं होत नाही.

टाकण्याआधी कटरने वरचं कातडं घोट्यापासून टोपीपर्यंत चिरा आणि जीभ कापून काढा. तसेच दिले तर नवीन सुकतळा आणि काळं पॉलिश चढून ते शुक्रवारी पहाटे जुन्या बुटांच्या बाजारात उभे राहतात. मार खाल्लेली टोपी मग दोनशे रुपयांत नाक्यावरच्या एखाद्या पोराच्या पायात जाते.